थँक्यू म्हटलं आणि पेला पुढे गेला: पाच जणांच्या स्पॅनिश गटाचं एक प्रकरण

ब्युनोस आयर्समधलं ऑफिस, सकाळचे अकरा. टेबलाभोवती सहा जण, सहा जणांत मिळून एक पेला आणि पेल्यात एक धातूची नळी. एक जण थर्मासमधून गरम पाणी ओततो, पेला शेजारच्याला देतो, तो पिऊन परत करतो, पुन्हा पाणी, मग पुढचा. आमच्या गटातल्या धाकटीची पाळी आली. ती प्यायली, पेला परत दिला आणि हसून म्हणाली, ‘ग्रासियास’. म्हणजे धन्यवाद. पेला पुढे गेला. फिरत फिरत तिच्यापर्यंत आला तो तिला वगळून पलीकडच्याच्या हातात. तिसऱ्या फेरीतही तसंच. चौथ्या फेरीला तिने मोबाइल काढला आणि काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्यासारखा चेहरा केला.

हा सोमवार. प्रकरण बुधवारी मिटलं. मधल्या दोन दिवसांत आम्ही, म्हणजे पुण्यात बसलेल्या चौघांनी, तिला जे जे सल्ले दिले त्यांसाठी हे टिपण आहे.

गट

आम्ही पाच जण स्पॅनिशच्या एका क्लासमध्ये भेटलो. क्लास संपला तरी दर रविवारी संध्याकाळी कोथरूडला काकांकडे बसायचं ठरलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, स्पॅनिश ‘डोकं गंजू नये म्हणून’ शिकणारे. दुसरी एका कंपनीच्या मेक्सिकोतल्या ग्राहकांचे फोन घेते, म्हणून तिचं नाव रात्रपाळी. तिसरा फुटबॉलवाला. त्याचं स्पॅनिश व्याकरणाच्या पुस्तकातून कमी आणि सामन्यानंतरच्या मुलाखतींतून जास्त आलेलं. चौथी धाकटी, सॉफ्टवेअर तपासणारी, जिला कंपनीने तीन महिन्यांसाठी अर्जेंटिनाला पाठवलं. पाचवा मी. माझं स्पॅनिश स्पेनमध्ये छापलेल्या पाठ्यपुस्तकाचं, इस्त्री केलेलं.

गटाची एक गूगल शीट होती, ती सांभाळायचं काम माझ्याकडे. शब्द, अर्थ, उदाहरण असे तीन रकाने. बोलीभाषेतले, रस्त्यावरचे, पुस्तकात न मिळणारे शब्द जमवायचे हा आमचा छंद. रात्रपाळीने ‘ग्वेय’ आणला. मूळ शब्द बैल या अर्थाचा, पण मेक्सिकोतली तरुण पोरं एकमेकांना तो ‘भावा’सारखा लावतात. बैलाचा भाऊ झालेला बघून आम्ही खूश. ‘आओरीता’ही तिनेच आणला. शब्दशः ‘आत्ता’, पण मेक्सिकोचा ग्राहक ‘आओरीता पैसे भरतो’ म्हणाला की ते आत्ता, संध्याकाळी किंवा कधीच नाही, यांपैकी काहीही असू शकतं. आपल्या ‘बघतो’चा सख्खा भाऊ. फुटबॉलवाल्याने ९ डिसेंबर २०२२ चं मेस्सीचं वाक्य आणलं. नेदरलँड्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना संपल्यावर मुलाखत देता देता तो एका डच खेळाडूवर खेकसला होता: ‘के मिरास, बोबो? अन्दा पाशा.’ काय बघतोस रे बावळटा, जा तिकडे. हे वाक्य फुटबॉलवाला इतक्या प्रेमाने म्हणायचा की काकांच्या नातवाने ते पाठ केलं होतं.

शीटमध्ये दोनशेच्या वर शब्द झाले. ते सगळे एकाच ताटात वाढलेले, मेक्सिको, माद्रिद, ब्युनोस आयर्स, काही वेगळं नाही. आम्ही आपसांत बोलायचो ते स्पॅनिश जगात कुठल्याही गल्लीत बोललं जात नसणार. कल्पना करा, एखादा परदेशी माणूस ‘काय बे, कसं काय रं गड्या, मग आपण चहा घेणार ना?’ असं एका दमात म्हणतो. आमचं तसंच चाललं होतं आणि ते आम्हाला कुणी सांगत नव्हतं, कारण ऐकणारे आम्हीच.

पेला

त्या पेयाचं नाव माते. मराठी माणसाला हे वाचताना देवीचा धावा ऐकू येतो, त्याला इलाज नाही. शब्द केचुआ या दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, भोपळ्याच्या वाटीचा. वाळवलेल्या लहान भोपळ्यात ‘येर्बा’ची कुटलेली पानं निम्म्याहून वर भरायची आणि त्यावर गरम, पण उकळी न फुटलेलं पाणी थोडं थोडं ओतायचं. ब्युनोस आयर्सच्या तोंडी येर्बाची ‘शेर्बा’ होते, नळीला पुस्तकात ‘बोम्बिया’ म्हणतात तिची ‘बोम्बिशा’. चव कडू, पहिल्यांदा पिणाऱ्याला काढ्याची आठवण करून देणारी. २०१३ साली तिथल्या संसदेने कायदा करून माते हे राष्ट्रीय पेय ठरवलं.

पाणी ओतणारा तो ‘सेबादोर’. फेरीभर तोच ओततो, बाकीच्यांनी थर्मासला हात लावायचा नाही. पहिला पेला सर्वांत कडू, त्यात पानांचा चुरा जास्त. तो सेबादोर स्वतः पितो. पेला मिळाला की शेवटपर्यंत प्यायचा, तळाशी सुर्रर्र असा आवाज येईपर्यंत. नळीने ढवळायचं नाही. चहासारखं ढवळलं की चुरा नळीत अडकतो आणि सेबादोरचा चेहरा बदलतो. आणि नळी पुसायची नाही.

हे सगळं आज लिहिता येतं. त्या सोमवारी आम्हा पाचांपैकी कुणाला यातलं काडीचंही माहीत नव्हतं. ‘माते’ शब्द शीटमध्ये होता. अर्थाच्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘चहाचा प्रकार’.

निदान

अर्जेंटिना आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. धाकटीने रात्री नऊला ग्रुपवर लिहिलं तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेपाच. मेसेज लांबलचक होता आणि शेवटी ‘मी यांना नकोशी आहे का?’ असं होतं. या वेळेला आमच्यात जागे दोघेच, फिरायला निघालेले काका आणि कामावरून परतलेली रात्रपाळी. म्हणजे सल्ला देण्याचा पहिला मान वेळापत्रकाने ज्यांना दिला, त्यांचा अर्जेंटिनाशी काडीचा संबंध नव्हता.

काकांनी एकच प्रश्न विचारला, ‘नळी पुसलीस का?’ पुसली होती. पहिल्या दिवशी, टिश्यूने, नकळत. काकांचं निदान तयार झालं: उष्ट्याचा प्रश्न. पाच जणांच्या ओठांना लागलेली नळी तू पुसलीस, म्हणजे तुम्ही मला घाण वाटता असं सांगितलंस. आता माफी माग. काका ज्या घरात वाढले तिथे तोंड लावलेलं भांडं दुसऱ्याने घ्यायचं नाही, पाणी वरून ओतून प्यायचं. उष्ट्याच्या राजकारणाबद्दल त्यांचा अंदाज चुकीचा ठरणं कठीणच.

रात्रपाळीचं म्हणणं वेगळं. मेक्सिकोत सौजन्याला फार किंमत. हाक मारली तर ‘काय?’ न म्हणता ‘मान्दे’ म्हणजे ‘आज्ञा करा’ म्हणायचं, हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही ‘प्रोवेचो’ म्हणजे ‘जेवण अंगी लागो’ म्हणत जायचं. तेव्हा तू कमी पडतेस. उद्या नुसतं ‘ग्रासियास’ नको, ‘मुचास ग्रासियास’, म्हणजे ‘खूप धन्यवाद’ म्हण. आणि नावानिशी म्हण.

सात वाजता मी उठलो आणि माझी भर घातली: तू त्यांना ‘तू’ म्हटलंस का? स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला ‘तू’च म्हणतात, आपल्यासारखंच, उच्चारही तोच, आणि मराठी माणूस पहिल्याच धड्यात खूश होतो. आदरार्थी ‘उस्तेद’. मी तिला ‘उस्तेद’ वापरायला सांगितलं. माझ्या पुस्तकात ‘बोस’बद्दल अर्धं पान होतं, ते मी सोडून दिलं होतं. ब्युनोस आयर्समध्ये ‘तू’ जवळजवळ नाहीच, तिथे ‘बोस’. हा एके काळी स्पेनमध्ये मानाने वापरायचा शब्द होता, हळूहळू त्याचा मान उतरत गेला आणि ला प्लाता नदीच्या काठी तो थेट अरेतुरेत येऊन बसला. मेस्सीचं ‘मिरास’ आणि ‘अन्दा’ ही त्याच ‘बोस’ची रूपं, जी काकांच्या नातवालाही येत होती. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही की आमच्याकडे तिथलं व्याकरण आहे, फक्त आम्ही त्याला विनोद समजून ठेवलंय.

फुटबॉलवाला नऊला जागा झाला. त्याचा सल्ला, तिथल्या दोस्तीतल्या एका शिवीचा: ‘सरळ बोलुदो म्हण आणि पाठीवर थाप मार. सगळं सुरळीत होईल.’ ही सूचना धाकटीने ऐकली नाही, हे तिचं नशीब.

मंगळवारी ती ऑफिसात ‘उस्तेद’ घेऊन गेली. पेला परत देताना सेबादोरच्या डोळ्यांत बघून, त्याचं नाव घेऊन, ‘मुचास ग्रासियास’ म्हणाली. तो मनापासून हसला, ‘दे नादा’ म्हणाला, आणि उरलेल्या सगळ्या फेऱ्यांत तिला सोडून दिलं.

बुधवार

मंगळवारच्या रात्री ग्रुपवर पुन्हा चर्चा झाली आणि काकांचं निदान जिंकलं, कारण सौजन्याचं हरलं होतं. बुधवारी फेरी सुरू व्हायच्या आधी धाकटी सेबादोरकडे गेली आणि पाठ केलेली माफी म्हणून दाखवली. नळी पुसली ते चुकलं, माझ्या देशात वेगळी पद्धत आहे, तुमचा अपमान करायचा नव्हता. तो गोंधळला. हो, पुसलेलं पाहिलं होतं, पण नवीन माणूस आहे, सोडून दिलं होतं. त्यासाठी माफी कशाला? मग मला माते का देत नाही, असं तिने शेवटी विचारलंच.

‘तूच तर नको म्हणतेस. रोज.’

मातेच्या फेरीत पेला परत देताना ‘ग्रासियास’ म्हणणं म्हणजे ‘बास, मला आता नको’. ज्याला आणखी हवाय तो काही न बोलता पेला परत करतो. धाकटी दोन दिवस पहिल्याच पेल्याला नको म्हणत होती, आणि मंगळवारी तर डोळ्यांत बघून, नाव घेऊन, ठासून नको म्हणाली होती. औषधानेच दुखणं वाढवलं होतं. ते ऑफिसभर झालं, सगळे हसले, तीही हसली, आणि त्या सकाळी तिच्या म्हणण्याप्रमाणे तिला इतका माते पाजला की रात्री दोनपर्यंत झोप नाही.

काय चुकलं

आम्हाला माहिती कमी होती हे खरं, पण ते कारण पुरेसं नाही. माहिती कमी असलेला माणूस गप्प बसू शकतो. आम्ही चौघांनी रिकामी जागा आपापल्या घरच्या सामानाने भरली. काकांनी उष्टं टाकलं, रात्रपाळीने मेक्सिको, मी पुस्तक, फुटबॉलवाल्याने मैदान. चारही उत्तरं आतून सुसंगत होती. आणि शिकणाऱ्यांच्या गटात एक गोष्ट हमखास होते: ज्याचं उत्तर सर्वांत रंगतदार, ते खरं वाटायला लागतं. काकांचं उष्ट्याचं स्पष्टीकरण ऐकल्यावर मी मनात ‘अगदी बरोबर’ म्हटलं होतं. आता कळतं की ते मला मराठी म्हणून बरोबर वाटलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचली. आमच्या दोनशेच्या वर शब्दांत ‘ग्रासियास’ नव्हता. असणार कसा? तो पहिल्या दिवशीचा शब्द, त्यात शिकायचं काय? आम्ही विचित्र दिसणारे शब्द गोळा करत होतो आणि धाकटी अडखळली ती सर्वांत साध्या शब्दाला. आपल्याकडे निघताना ‘येतो’ म्हणतात. मराठी शिकणाऱ्या माणसाला ‘येणे’ पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. तो एखाद्या घरी बसलाय, पाहुणे उठले, ‘बराय, येतो’ म्हणाले आणि दाराबाहेर गेले. त्याने काय समजायचं? चहा ठेवायचा? ‘जातो’ म्हणू नये हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आजीने एकदा डोळे वटारले एवढंच. ही आठवण बुधवारी रात्री काकांनीच काढली, त्यांचं ते मोठेपण.

एक मात्र गटाच्या बाजूने नोंदवायला हवं. ऑफिसात ‘मला का वगळता?’ हे विचारायला तिला तीन दिवस लागले, आणि ती गेली तेव्हा तिच्या हातात एक तयार वाक्य होतं, चुकीच्या गुन्ह्याची माफी का असेना. ते वाक्य आम्ही पहाटे पाच वेळा तपासून दिलं होतं. त्यातलं व्याकरण बिनचूक होतं. ते वाक्य हातात नसतं तर तिने तो प्रश्न कदाचित कधीच विचारला नसता.

शीट

पुढच्या रविवारी आम्ही शीट उघडली आणि तीन रकाने वाढवले. शब्द कुठल्या गावात ऐकला. कुणी कुणाला म्हटला. आणि तिसरा, ज्यावर सर्वांत जास्त भांडण झालं: फक्त ऐकायचा की आपणही बोलायचा. पहिली नवी नोंद ‘ग्रासियास’.

भांडण ‘बे’वरून मिटलं. मी नागपूरचा. तिकडे मित्राला ‘काय बे’ म्हणणं म्हणजे जवळीक. पुण्यात आलो त्या पहिल्या महिन्यात होस्टेलवरच्या मुलाला सहज म्हणालो आणि त्याने आठवडाभर बोलणं टाकलं. अर्थ दोघांनाही येत होता. म्हणायचा हक्क मला त्याने दिलेला नव्हता. कोल्हापूरकडे जी शिवी मिठी मारताना देतात, ती बाहेरून आलेल्याने पहिल्या भेटीत देऊन बघावी. हे सांगितल्यावर फुटबॉलवाल्याने ‘बोलुदो’ मुकाट्याने ‘ऐकायचा’मध्ये टाकला. हा शब्द मुळात वृषणांवरून आलेली शिवी, आणि तिथल्या तरुणांच्या तोंडी जवळजवळ दर वाक्याला. स्पॅनिश साहित्यातला मानाचा सर्वांतेस पुरस्कार मिळालेले अर्जेंटिनाचे कवी हुआन हेलमान यांना २०१३ मध्ये आपल्या देशाची ओळख सांगणारा एक शब्द निवडायचा होता, तेव्हा त्यांनी हाच निवडला. इतका घरचा शब्द, म्हणून पाहुण्याने जपून.

मग साफसफाई. माझा ‘कोहेर’ आधी गेला. स्पेनमध्ये बस पकडायची तर ‘कोहेर’, निरुपद्रवी शब्द. अर्जेंटिना आणि मेक्सिकोत त्याचा अर्थ थेट संभोग. मी तो वर्षभर सगळ्यांकडून घोकून घेतला होता. बसला ब्युनोस आयर्समध्ये ‘कोलेक्तीवो’ म्हणतात, कारण १९२८ साली ती सुरू झाली तेव्हा एका टॅक्सीत अनेकांनी मिळून बसायचं होतं, आपली शेअर रिक्षाच. बोलीत ‘बोन्दी’. तो शब्द ब्राझीलच्या ट्रामवरून आलाय.

आणि इथून पुढचे दोन रविवार फार मजेत गेले, कारण धाकटी आता शब्द एकेकटे न पाठवता कुणी, कुठे, कुणाला यांसकट पाठवत होती आणि त्यांना एक मुलूख दिसायला लागला होता. तिथल्या शहरी बोलीला लुन्फार्दो म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बोटी भरभरून इटालियन माणसं ब्युनोस आयर्सला उतरली आणि ‘कोन्वेन्तीयो’त राहिली: मधे अंगण, भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब, संडास सामायिक. गिरणगावची चाळ ज्याने पाहिली त्याला वेगळं सांगायला नको, आणि चाळीत भाषेचं काय होतं हेही. काम म्हणजे ‘लाबुरो’, इटालियनमधून. रविवार दुपारच्या अंगात भरलेल्या आळसाला ‘फियाका’, तोही तिकडचाच. गोंधळाला ‘किलोम्बो’, तो आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या किम्बुन्दू भाषेतून. सिगारेटच्या थोटकाला ‘पूचो’, केचुआ. १९६२ पासून तिथे लुन्फार्दोची स्वतंत्र अकादमी आहे. आपल्याकडे कापडबाजारातल्या दलालांची नंदभाषा होती, तिची अकादमी कुणी काढली नाही.

लुन्फार्दोत शब्द उलटवायची खोड आहे. ‘काफे’चं ‘फेका’, ‘लेचे’चं ‘चेले’, म्हणून दुधाची कॉफी मागायची तर ‘फेका कोन चेले’. या खोडीचं नाव ‘बेस्रे’, तेही ‘रेबेस’ म्हणजे उलटं, हा शब्द उलटून केलेलं. काकांनी हे ऐकलं आणि पासष्टाव्या वर्षी च-च्या भाषेत बोलायला सुरुवात केली: ‘चीम चेतोयय, चुम्हीत चसाब.’ आम्हाला कळायच्या आत काकूंनी स्वयंपाकघरातून तसंच उत्तर दिलं. बेस्रे आमच्यात त्या दिवसापासून कुणी विसरलेलं नाही. पण शीटमध्ये ते ‘ऐकायचा’तच आहे.

अकराव्या आठवड्यात धाकटीचा मेसेज आला, पुन्हा पहाटेच. तपासणीत तिने एक मोठी चूक पकडली होती, आणि शेजारी बसणारी मुलगी स्क्रीनकडे बघत तिला म्हणाली, ‘नो, बोलुदा, कसली भारी आहेस.’ तिला आधी वाटलं, मागे दुसरं कुणीतरी उभं आहे. वळून पाहिलं तर कुणी नव्हतं.

मी तिच्या नावापुढे तो शब्द ‘बोलायचा’ रकान्यात हलवू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, नको, अजून मी कुणाला म्हटलेला नाही. आमच्या चौघांच्या नावापुढे तर प्रश्नच नाही.